मदत हवी आहे: बी-बॉट पहिल्यांदा बरोबर जातो, मग भलतीकडेच

खडूडस्टर
वर्गात सहा मुले, वय १० ते १३, मध्यम बौद्धिक अक्षमता. दोघांचे बोलणे अस्पष्ट आहे. हाताशी दोन बी-बॉट (पाठीवरची बाणांची बटणे दाबून चालवायचे छोटे रोबो). उद्दिष्ट एवढेच: क्रम लावणे आणि ५ पर्यंत मोजणे. अडचणी अशा:

१. पहिली खेळी जमते. दुसरीपासून रोबो कुठेही जातो, मूल चिडते.
२. तीन घरे जायचे तर बाण चारदा दाबतात.
३. उजवा बाण दाबला की रोबो उजवीकडच्या घरात जाईल असे त्यांना वाटते.

शिवाय नाओसारखा बोलणारा रोबो घ्यावा असे सुचवले जात आहे. त्याचा उपयोग होईल का?

तळपाटी
पहिल्या अडचणीचे मूळ फुलीच्या, म्हणजे जुने आदेश पुसणाऱ्या बटणात आहे. बी-बॉट आधीचे आदेश आपणहून विसरत नाही, नवे आदेश जुन्यांच्या शेपटाला जोडतो. दोनदा 'पुढे' दाबून झाले आणि फुली न दाबता पुन्हा दोनदा दाबले, तर तो चार घरे पळतो. जुन्या बी-बॉटमध्ये असे ४० आदेश साठतात. त्यामुळे फुली हीच क्रमातली पहिली पायरी समजा: फुली, बाण, गो (रोबो चालू करणारे बटण). आदेशांची कार्डे क्रमाने लावायच्या पट्टीच्या डाव्या टोकाला फुलीचे कार्ड कायमचे चिकटवून टाका. "फुली दाबलीस का?" असे दर वेळी विचारू नका, मूल पट्टी सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला शिकते.

पहिले काही दिवस सगळी बटणे उघडी नकोत. पुठ्ठ्याचे झाकण करून फक्त फुली, 'पुढे' आणि गो यांना भोके पाडा. झाकण बटणांना टेकता कामा नये, नाहीतर झाकलेला बाणच दाबला जातो.

चारदा दाबतात कारण रोबो उभा असलेले घरही मोजतात. म्हणून सुरुवातीचे घर वेगळ्या रंगाचे, बिनआकड्याचे ठेवा, १ पुढच्या घरात लिहा. आधी एका ओळीत पाचच घरे पुरेत, प्रत्येक १५ सेंमीचे, कारण रोबोचे पाऊल तेवढेच असते. पट्टीवर जितकी पावले तितकी बाणकार्डे. एकदा दाबले की एक कार्ड पालथे. कुठवर आलो हे मग डोक्यात धरून ठेवावे लागत नाही.

वळणाची घाई करू नका. 'पुढे' पक्के झाल्यावरच झाकणाला चौथे भोक. बी-बॉट जागच्या जागी ९० अंशांत वळतो, घर बदलत नाही. हे सांगून कळत नाही. जमिनीवर मोठे चौकोन आखून मुलालाच रोबो करा: वळ, थांब, मग पाऊल. आणि मूल नेहमी रोबोच्या पाठीमागे बसलेले हवे. रोबो त्याच्याकडे तोंड करून आला की डावे-उजवे उलटते, आणि तिथे भलेभले गोंधळतात.

स्क्रूड्रायव्हर
कधी कधी दोष खरोखर रोबोचा असतो. चार्ज उतरला की वळण अपुरे पडते आणि तीनचार वळणांत रोबो रेघेवर येतो. चटईला घडी किंवा चाकात केस असले तरी तसेच होते. मुलाला "चुकलास" म्हणण्याआधी तोच क्रम स्वतः चालवून बघा. आवाज खुपत असेल तर पोटाखाली वेगळी कळ आहे. फिट येणारे मूल असेल तर लुकलुकणाऱ्या डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी लावा.

नाओबद्दल: ५८ सेंमी उंच, मुले बघत राहतात हे खरे. पण अस्पष्ट उच्चार त्याला नीट ओळखता येत नाहीत, आणि तुमच्या दोघांना तर उत्तरच मिळणार नाही. घेतलाच तर डोक्यावरच्या स्पर्शाने चालेल असे बेत आखा. जास्त वेळ उभा ठेवला तर सांध्यांच्या मोटारी तापतात, म्हणून मधूनमधून बसवा. टेबलावर ठेवू नका, पडतो. माझे मत विचाराल तर या उद्दिष्टाला तो नको.

खडूडस्टर
फुलीचे कळले. मदत कमी केव्हा करायची?

तळपाटी
सूचना दिल्यावर मनात १० पर्यंत मोजा, तोवर गप्प. मग बोटाने दाखवा, अगदी शेवटी हात धरा. प्रत्येक खेळीला 'स्व', 'बोट' किंवा 'हात' एवढेच लिहा. सलग तीन दिवस पाचपैकी चार 'स्व' आले की एक घर वाढवा. कुठे अडते तेही लिहा: फुली, बाण की गो. बहुतेकदा गो राहते, कारण बाण दाबला की रोबो लगेच चालेल अशी अपेक्षा असते. तिथे गोचे कार्ड पट्टीच्या उजव्या टोकाला, थोडे मोठे आणि वेगळ्या रंगाचे. पट्टी जमली की तीच पद्धत हात धुण्याच्या चित्रांना लावून बघा. तिथे कार्डे पालथी करता आली नाहीत, तर मूल फक्त रोबोची बटणे शिकले आहे, क्रम नाही.