पाणबुडीचा जुना पिक्चर: छातीवरची रबरी पिशवी आणि वरून उतरणारी घंटा, हे खरं असतं का?

भायखळ्याचा_पंक्या

मंडळी, प्रश्न बालिश वाटला तर हसा पण उत्तर द्या. 'सबमरीन डी-१' नावाचा १९३७ चा वॉर्नर ब्रदर्सचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघितला. युद्धबिद्ध काही नाही, शांततेच्या काळातली अमेरिकन नेव्ही, दोन खलाशी दोस्त, दोघांचा डोळा एकाच पोरीवर, मग रुसवेफुगवे, मग बोट तळाला आणि मग सुटका. प्रेमाची भानगड मी फॉरवर्ड केली (बायकोने शिव्या घातल्या) पण शेवटचा भाग तीनदा बघितला, कारण त्यात माणसं छातीला एक रबरी पिशवी बांधून बाहेर पडतात आणि शिवाय वरून एक लोखंडी घंटेसारखं काहीतरी खाली येतं आणि बोटीला चिकटतं.

आमचे सासरे दारूखान्यातले, हयात जहाजं तोडण्यात गेली. ते म्हणाले, "हे सगळं सेटवरचं. बुडालेलं लोखंड वर येतं ते भंगार म्हणून, माणसं कसली येतायत." आता माझं म्हणणं असं की स्टुडिओवाल्यांना नुसती थापच मारायची असती तर इतक्या सावकाश, व्हॉल्व्ह फिरवण्यासकट कशाला दाखवतील? हिरो पोहत वर आला, झालं की. तर ही यंत्रं खरी होती का, कोणाचा जीव वाचला का त्यांनी, आणि आपल्या नेव्हीकडे असलं काही आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. गुगल कर असं सांगणाऱ्यांना नमस्कार.

रीळमास्तर

पंक्या, तू फॉरवर्ड केलंस ते बरोबरच केलंस. दिग्दर्शक लॉइड बेकन, हा म्हणजे स्टुडिओचा हुकमी माणूस, वर्षाला चारपाच पिक्चर काढून द्यायचा, त्यामुळे प्रसंग भराभर पळतात पण माणसं लक्षात राहत नाहीत. पॅट ओब्रायन, वेन मॉरिस, जॉर्ज ब्रेंट आणि विनोदाला फ्रँक मॅकह्यू. रोनाल्ड रेगनही यात होता, पुढे प्रेसिडेंट झाला तोच, पण त्याचा भाग एडिटिंगमध्ये उडाला.

खरी गोम लेखकात आहे. फ्रँक वीड हा स्वतः नेव्हीचा वैमानिक, १९२६ मध्ये घरात जिन्यावरून पडला, मान मोडली, पाय गेले, आणि मग लिहायला लागला. त्यामुळे त्याच्या पिक्चरमध्ये बायका कागदी असतात आणि मशिनं जिवंत. यातही बघ, पोरगी कोणाला मिळणार यापेक्षा झाकण नीट बसलं का याचं टेन्शन जास्त येतं.

आणि "दोन दोस्त, एक बाई, एक बुडालेली पाणबुडी" हा साचा वॉर्नरचा नाहीच. फ्रँक काप्राने १९२८ मध्ये कोलंबियासाठी 'सबमरीन' केला त्यात हेच आहे, एक दोस्त पाणबुड्या (म्हणजे डायव्हर), दुसरा बोटीत अडकलेला, मध्ये बायको. कोलंबियाने १९३७ मध्ये तोच माल डोलोरेस देल रिओला घेऊन पुन्हा काढला. जॉन फोर्डनेही १९३० मध्ये बुडालेल्या पाणबुडीवर एक केला. दहा वर्षांत इतक्यांदा एकच गोष्ट का विकली जात होती, तर लोकांच्या डोक्यात ती ताजी होती म्हणून. ते खाडीकाठ सांगतील, त्यांचा विषय.

खाडीकाठ

मास्तरांनी चेंडू टाकलाच आहे तर. पंक्याभाऊ, दोन्ही यंत्रं शंभर टक्के खरी.

आधी ते का आलं ते. १९२५ मध्ये अमेरिकेची एस-५१ एका प्रवासी जहाजाची धडक बसून बुडाली. मग डिसेंबर १९२७ मध्ये एस-४ ही पाणबुडी वर येत असताना कोस्ट गार्डच्या जहाजाला धडकली आणि खाली गेली. चाळीस माणसं. त्यातले सहा जण पुढच्या टॉर्पेडोच्या खोलीत जिवंत होते, आणि पाणबुडे खाली उतरून बाहेरून हातोडीने ठोकायचे, ते आतून ठोकून उत्तर द्यायचे. काही आशा आहे का, असं त्यांनी विचारल्याचं रेकॉर्डवर आहे. वर वादळ, हवा पोचवता आली नाही, सहाही गेले. किनारा जवळ, जागा माहीत, माणसं बोलतायत, आणि तरी काही करता येत नाही. सगळा देश पेपरात रोज हे वाचत होता.

चार्ल्स मॉमसेन नावाचा अधिकारी स्वतः पाणबुडीवाला होता, त्याने हे मनाला लावून घेतलं. तू बघितलीस ती पिशवी म्हणजे 'मॉमसेन लंग'. गळ्यात अडकवायची चौकोनी रबरी थैली, आत ऑक्सिजन, आणि सोडा लाइमचा एक डबा. तोंडात नळी, नाकाला चिमटा. तू सोडलेला श्वास त्या डब्यातून जातो, सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि बाकीची हवा परत तुझ्याकडे. वर येताना पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाची दोरी धरून हळूहळू यायचं. घाबरून श्वास कोंडून सुसाट वर आलास तर फुफ्फुसातली हवा फुगून फुफ्फुसच फाटतं. म्हणून अमेरिकेतल्या न्यू लंडनच्या तळावर १९३० मध्ये शंभर फूट पाण्याचा उभा टॉवर बांधला आणि पोरांना त्यात खालून सोडून सवय करायला लावली.

घंटा म्हणजे मॅककॅन चेंबर. मूळ कल्पना मॉमसेनचीच, सुधारणा ॲलन मॅककॅनने केली आणि नाव त्याचं लागलं. पाणबुड्या खाली जाऊन पाणबुडीच्या हॅचला, म्हणजे वरच्या झाकणाला, वायर अडकवतो, चेंबर स्वतःच्या विंचवर ती वायर गुंडाळत गुंडाळत खाली उतरतं आणि हॅचवर बसतं. खालच्या कप्प्यातलं पाणी काढून टाकलं की बाहेरच्या समुद्राचा दाबच त्याला बोटीवर घट्ट दाबून धरतो. मग दोन्ही झाकणं उघडा आणि माणसं कोरडी वर चढतात. तुझ्या सासऱ्यांना हे सांग, भंगारवाल्याला दाबाचं गणित लगेच कळतं.

आता जीव वाचला का. पिक्चर १९३७ च्या शेवटी आला. त्यानंतर दीडच वर्षाने, २३ मे १९३९ ला, यूएसएस स्क्वालस नावाची कोरी पाणबुडी न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्याजवळ टेस्टला बुडी मारत होती. बुडी मारण्याआधी इंजिनला हवा देणारा मोठा व्हॉल्व्ह बंद झाला की नाही हे दिव्यांच्या बोर्डवर दिसतं, लाल म्हणजे उघडा, हिरवा म्हणजे बंद, खलाशी त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. सगळे हिरवे. बोट खाली गेली आणि इंजिनरूममध्ये पाणी धो धो. कंट्रोलरूमच्या मागच्या दारावर एक इलेक्ट्रिशियन होता, बोट शेपटीकडे कलंडलेली, म्हणजे ते जड दार चढावर ओढायचं. मागून येणाऱ्या काही जणांना त्याने आत घेतलं आणि मग दार लावलं. पलीकडे राहिले ते राहिले. ५९ पैकी २६ मेले. ३३ जण ७४ मीटर खाली अंधारात, थंडीने काकडत.

त्यांच्याकडे लंग होत्या. पण एवढं खोल, एवढं गार पाणी, कॅप्टनने ठरवलं थांबायचं. दुसऱ्या दिवशी फाल्कन नावाचं जहाज चेंबर घेऊन आलं, आणि मार्गदर्शनाला कोण, तर मॉमसेनच. पहिल्या खेपेला सात, मग नऊ, मग नऊ, शेवटी आठ. त्या शेवटच्या खेपेला वायर अडकली, तिचे पेड तुटायला लागले, मग विंच सोडून वरच्या माणसांनी हातांनी ओढून चेंबर वर आणलं. ३३ च्या ३३ वर आले. मागच्या भागात कोणी असेल म्हणून पाचवी खेपही मारली, तिथे फक्त पाणी होतं.

म्हणून मला तो पिक्चर फालतू वाटत नाही. नाटक बेताचं आहे, पण नेव्हीने बोटी आणि तळ उघडे करून दिले ते उगाच नाही. एस-४ नंतर पाणबुडीत पोरगं पाठवायला आई तयार होईना, तिला हे दाखवायचं होतं.

डॉकयार्डरोड

खाडीकाठ काकांचा प्रतिसाद जबरी. पण एक म्हणू का, जाहिरात ती जाहिरातच. स्क्वालस ७४ मीटरवर सापडली म्हणून चेंबर चाललं. एक जून १९३९ ला, म्हणजे नऊच दिवसांनी, इंग्लंडची थेटिस लिव्हरपूलच्या खाडीत गेली, शेपूट पाण्याबाहेर दिसत होतं लोकांना, चौघे सुटले आणि ९९ मेले. २००० मध्ये रशियाची कुर्स्क, ११८ मेले. मागच्या कप्प्यात २३ जण स्फोटानंतरही जिवंत होते. यंत्र असून भागत नाही, ते वेळेत तिथे पोचायला लागतं, आणि वरच्या साहेबांनी वेळेत मदत मागायला लागते. हे कुठला स्टुडिओ दाखवणार, नेव्हीने बोट दिलेली असताना?

आपल्याकडचं विचारलंयस. मी माझगाव डॉकच्या भिंतीला लागून वाढलेला, जोसेफ बाप्टिस्टा बागेत टेकडीवर बसलं की खाली क्रेन दिसतात. आपली पहिली पाणबुडी आयएनएस कलवरी, रशियन फॉक्सट्रॉट, ८ डिसेंबर १९६७ ला रिगामध्ये दाखल झाली, म्हणून आठ डिसेंबर हा पाणबुडी दिवस. मग जर्मन डिझाइनच्या चार घेतल्या, त्यातल्या दोन, शाल्की आणि शंकुल, इथे माझगावात बांधल्या. आणि त्यांच्यात काय आहे माहितीये का, बोटीतच एक मोठा लोखंडी गोळा बसवलेला आहे, वेळ आली तर सगळा क्रू त्यात शिरून झाकण लावायचं आणि गोळा सुटून वर येतो. वरून घंटा येण्याची वाटच बघायची नाही. एवढी बुद्धी.

आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत डीएसआरव्ही दाखल झाली, म्हणजे माणसांना आणायला जाणारी छोटी पाणबुडीच, ६५० मीटरपर्यंत जाते. विमानात घालून दुसरीकडे नेता येते. दुसरी विशाखापट्टणमला. २०२१ ला इंडोनेशियाची नांगाला हरवली तेव्हा तिथली निघाली होती मदतीला, पण ती बोट आधीच फुटली होती, ५३ माणसं.

बाकी चौदा ऑगस्ट २०१३ ची रात्र कुलाब्यापासून गिरगावपर्यंत कोण विसरलंय. सिंधुरक्षक पाणबुडी धक्क्याला बांधलेली होती आणि आत स्फोट झाले. अठरा जण. समुद्र नाही, खोली नाही, युद्ध नाही. तिथे घंटाही कामाची नाही आणि गोळाही.

सई_कुलाबा

सगळे पुरुष यंत्रावरच बोलणार हे माहीतच होतं 🙂

माझे मामा फॉक्सट्रॉटवर होते. त्यांनी पिक्चरमधलं एकच खोटं काढलं असतं, की सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र! मामा घरी आले की आजी त्यांची बॅग गॅलरीतच ठेवायला लावायची, कारण डिझेलचा वास सगळ्या कपड्यांत, साबणात, अगदी पाकिटातल्या नोटांनासुद्धा. बोटीवर गोडं पाणी मोजून, त्यामुळे आंघोळ म्हणजे चैन. घरी आले की पहिला तासभर बाथरूम त्यांचं आणि आम्ही पोरं दारावर थापा मारायचो.

आणि रीळमास्तर, बायका कागदी म्हणालात ते पटलं, पण ते वीडमुळे नाही हो, मामीला विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं की तिला काहीच सांगितलं जायचं नाही. कुठे गेलेत, कधी येणार, काही नाही. घरातल्या बाईच्या वाट्याला गोष्टीतलं काही येतच नाही तर लेखक तरी लिहिणार काय. पिक्चरमधली ती पोरगी निदान दोघांवर चिडते तरी. मामी चिडायची पण कोणावर चिडायचं ते नसायचं, मग भांड्यांचा आवाज वाढायचा. सुटकेचं ट्रेनिंग विझागला झालं होतं त्यांचं, पाण्याच्या टॉवरमध्ये खालून वर, एवढं सांगितलं होतं एकदा. कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "कान दुखले." संपलं.

रीळमास्तर

सईताई, मान्य. पण मग तो पिक्चर कोणीतरी काढायला हवा ना, भांड्यांच्या आवाजाचा. अख्खा बाहेर घडणारा, बोट एकदाही न दाखवणारा. मी तिकीट काढून जाईन.

डॉकयार्डरोड, जाहिरात म्हणालास ते खरंय, पण खाडीकाठ म्हणतात तेही धर. १९३७ ला हे चेंबर खऱ्या अपघातात एकदाही वापरलं गेलेलं नव्हतं. म्हणजे पिक्चरने जे चालताना दाखवलं ते तोवर फक्त सरावात चाललेलं. थेटरात बसलेल्या माणसाला ते ठाऊक नाही, बोटीवरच्या माणसाला ठाऊक आहे. आता पुन्हा बघा तो शेवट, नटांपेक्षा मागे उभे असलेले खरे नौसैनिक बघा.

खाडीकाठ

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्क्वालस वर काढली, दुरुस्त केली आणि सेलफिश नावाने परत पाण्यात सोडली. १९४३ च्या डिसेंबरमध्ये तिने जपानचं एक विमानवाहू जहाज बुडवलं. त्या जहाजावर अमेरिकन कैदी होते, स्कल्पिन नावाच्या पाणबुडीचे २१ जण, त्यातला एकच वाचला. आणि १९३९ मध्ये बुडालेल्या स्क्वालसचा बोया शोधून काढणारी पहिली बोट होती स्कल्पिन. हे कथेत लिहिलं असतं तर संपादकाने साभार परत पाठवलं असतं.

भायखळ्याचा_पंक्या

बापरे. धागा वसूल. सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून सासऱ्यांच्या उशाशी ठेवतो. आत शिरून बघता येईल अशी पाणबुडी मुंबईत आहे का कुठे? पोरांना न्यायचंय.

सई_कुलाबा

त्यासाठी विझाग गाठा. आरके बीचवर आयएनएस कुरसुरा उभी आहे, फॉक्सट्रॉटच, २००२ पासून म्युझियम केलंय. माहिती सांगायला नेव्हीतून रिटायर झालेले लोक असतात, त्यांना गर्दी नसताना गाठा, मग बोलतात. पोरं टुणटुण जातील पण तुम्ही एका डब्यातून दुसऱ्यात जाताना त्या गोल भोकात आधी पाय घाला, आमच्या ह्यांनी आधी डोकं घातलं आणि मागची रांग थांबली.