ग्रेन कोस्टवर नेमकं कोणतं धान्य पिकायचं?

नकाशेवेडी:
एका अठराव्या शतकातल्या नकाशाची मराठी प्रत करायचं काम हौसेने अंगावर घेतलंय. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर डावीकडून उजवीकडे ओळीने नावं आहेत: ग्रेन कोस्ट, आयव्हरी कोस्ट, गोल्ड कोस्ट, स्लेव्ह कोस्ट. पहिल्याचं मी बिनधास्त 'धान्य किनारा' करून टाकलं आणि रात्री झोपेत अडले. युरोपातून लोक एवढ्या लांब धान्य आणायला कशाला जातील? कोणतं धान्य होतं हे? आणि ही नावं भाषांतरित करावीत की तशीच ठेवावीत?

टवाळ_तात्या:
बाजरी. भाकरीशिवाय कंपनी सरकारचं पान हलत नसे.

निवृत्त_खलाशी:
तात्या, गप्प बसा जरा. ताई, झोप उडाली ते बरं झालं. धान्य नव्हेच ते. ग्रेन म्हणजे इथे नुसता 'दाणा'. मेलेगेटा नावाचा मसाला, आल्या-वेलदोड्याच्या कुळातला. बोंडातून लालसर तपकिरी, तिखट दाणे निघतात. युरोपात त्याला 'स्वर्गाचे दाणे' म्हणत आणि मद्यात घालत. आधी तो सहारा ओलांडून उंटांवरून यायचा, कुठून येतो ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं. मग पोर्तुगीज थेट समुद्रावाटे पोचले. १४६९ मध्ये त्यांच्या राजाने फेर्नाओ गोमिश नावाच्या व्यापाऱ्याला गिनीचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या या किनाऱ्याचा, व्यापार मक्त्याने दिला. अट काय, तर दर वर्षी किनाऱ्याचा आणखी शंभर लीगचा (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप) पट्टा शोधून काढायचा! दोनच वर्षांत त्याची माणसं सोन्यापर्यंत पोचली. पुढे भारतातली खरी मिरी समुद्रमार्गे यायला लागली आणि स्वर्गाच्या दाण्यांचा भाव पडला. नकाशावरचं नाव मात्र राहिलं. आजचा लायबेरिया तो.

मी व्यापारी जहाजांवर सेकंड मेट होतो. मन्रोव्हिया, आबिजान, टेमा, लागोस या फेऱ्या केल्यात. तुमच्या नावांचा क्रम पाहा, आमच्या फेरीचाच आहे. गिनीचा प्रवाह तिथे किनाऱ्याला समांतर, पूर्वेकडे वाहतो. शिडाचं जहाज या प्रवाहावर सोडलं की आधी दाणे, मग हस्तिदंत, मग सोनं, अशीच दुकानं लागत जाणार. परतायचं म्हणजे प्रवाहाशी झुंज, म्हणून पुष्कळ जहाजं विषुववृत्ताखाली उतरून आग्नेयेचा वारा धरायची. नावं तिथल्या रहिवाशांनी दिलेली नाहीत. जहाजाच्या हिशेबवहीतून थेट नकाशावर उतरलीत. जहाजावरून तिथली माणसं थोडीच दिसतात? बऱ्याच ठिकाणी बंदरच नव्हतं. बाहेर नांगर टाकायचा आणि फुटणाऱ्या लाटांतून होड्या माल घेऊन येणार. त्या चालवण्यात क्रू नावाच्या जमातीचे लोक पटाईत, ग्रेन कोस्टचेच.

आणखी एक गंमत. डच नकाशांवर हस्तिदंताच्या किनाऱ्याला सरळ 'दातांचा किनारा' म्हटलेलं सापडतं. हत्तीचे दाखवायचे दातच विकले गेले आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथला हस्तिदंताचा व्यापार जवळपास आटला. म्हणजे तुमचा नकाशा छापला तेव्हा निम्मी पाटी खोटीच होती. आज नाव ठेवायचं तर कोको किनारा म्हणावं. आबिजानला गोण्या भरताना येणारा तो आंबूस वास महिनाभर कपड्यांतून जात नसे.

टवाळ_तात्या:
बाजरी मागे घेतो. पण सोन्याची पाटी तरी खरी होती ना?

निवृत्त_खलाशी:
होती. गोल्ड कोस्टवर एल्मिनाला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये किल्ला बांधला, तो सोन्यासाठीच. इंग्रजांचं गिनी नाणं १६६३ पासूनचं, नावासकट याच किनाऱ्याचं.

वखारवाली:
त्या किल्ल्याबद्दल एक गोष्ट राहिली. सोनं विकत घ्यायला पोर्तुगीज सुरुवातीला बेनिनकडची माणसं विकत घेऊन एल्मिनाला आणत आणि तिथल्या व्यापाऱ्यांना देत. माणूस तिथे आधीपासूनच चलन होता. चौथ्या नावाजवळ तुम्ही कुणीच थांबला नाहीत म्हणून लिहितेय. दाणे, दात, सोनं आणि मग माणसं, एकाच ठशात, एकाच शाईत. अटलांटिकपार नेलेल्या सुमारे १ कोटी २५ लाख माणसांपैकी अंदाजे २० लाख या चौथ्या किनाऱ्यावरून, म्हणजे बेनिनच्या आखातातून गेली. वीदा हे त्यातलं मोठं बंदर. ताई, 'गुलाम किनारा' करू नका. गुलाम तिथे पिकत नव्हते. 'गुलामांच्या व्यापाराचा किनारा' लिहा, अक्षरं जास्त झाली तरी.

भाषांतराचं म्हणाल, तर जुन्या नकाशावर करा. आजच्या देशाच्या बाबतीत मात्र सांभाळून. १९८५ मध्ये आयव्हरी कोस्टच्या सरकारने जगाला कळवलं की आमच्या नावाचा अनुवाद करू नका, कोत दिव्वारच म्हणा. गोल्ड कोस्टने तर १९५७ मध्ये स्वतंत्र होताना पाटीच बदलली आणि घाना झाला. जुनं घाना साम्राज्य तिथून बरंच उत्तरेला होतं, तो भाग वेगळा.

नकाशेवेडी:
चौथं नाव बदललं. पट्ट्यात मावत नाही, दोन ओळींत बसवलंय. पहिल्याचं 'मिरी किनारा' करू का?

निवृत्त_खलाशी:
मिरी नाही ती, सांगितलं ना. 'दाण्यांचा किनारा' करा. आणि नायजरच्या मुखाशी 'ऑइल रिव्हर्स' असं काही दिसलं तर खनिज तेल समजू नका. पामतेल आहे ते, साबणाचं.

नकाशेवेडी:
अरे देवा. नकाशात नाहीये, पण सोबतच्या टिपणात मी तेलविहिरी लिहून बसलेय.