मदत हवी आहे : पिल्लू सासूबाईंच्या पायांना चावते, त्यांना तर चटकन बाजूला होता येत नाही

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घरात आम्ही दोघे, बारा वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. पाच आठवड्यांपूर्वी गल्लीतली कुत्री गाडीखाली गेली आणि तिचे एक पिल्लू आम्ही उचलून आणले. तेव्हा ते जेमतेम सहा आठवड्यांचे होते. पाठीवर तांबूस ठिपके आहेत, म्हणून मुलाने तिचे नाव बुंदी ठेवले.

पिल्ले तोंडाने खेळतात हे मला ठाऊक आहे. दात किती जोरात लावायचे हे ती भावंडांबरोबर मस्ती करतानाच शिकतात आणि बुंदीला तो काळ फार थोडा मिळाला, म्हणून मी तिला दोष देत नाही. डॉक्टरांनी तोंड तपासून दात व हिरड्या ठीक असल्याचे सांगितले आहे. हे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतील, पण तोवर ते सुईसारखे टोकदार आहेत.

खरी अडचण संध्याकाळची आहे. सासूबाई दिवा लावायला देवघराकडे निघाल्या की बुंदी दाराआड दबा धरून बसते आणि साडीच्या निऱ्या हलल्या रे हलल्या की झेपावते. आधी काठ पकडते, मग घोटा. सासूबाईंना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे. गेल्या आठवड्यात दोन दात रुतले आणि रक्त थांबायला बराच वेळ लागला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली. बुंदीला रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर मिळणार असल्यामुळे डॉक्टरांनी सासूबाईंना लस सुरू केली. ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी अशा चार खेपा आहेत. एवढे होऊनही त्या म्हणतात, "लेकरू आहे, बिन आईचं, त्याला बाहेर काढू नका." म्हणूनच मला यातून नीट मार्ग काढायचा आहे.

आजवर जे केले ते सांगते. चावताच मोठ्याने कळवळून ओरडून पाहिले, तर ती आणखीच चेकाळली. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून यजमानांनी दोनदा नाकावर चापट मारली. त्यानंतर ती हात दिसला की अंग चोरू लागली, म्हणून ते मी लगेच बंद करवले. मी आणि मुलगा मात्र दात लागताच खेळ थांबवतो, हात मागे घेतो आणि अर्धा मिनिट खोलीबाहेर जातो. याचा गुण आला आहे, आम्हाला ती आता फारसे चावत नाही. पण हा उपाय ज्याला झटकन उठून जाता येते त्याच्यासाठी आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या भिंतीला धरून चालतात. त्या जागीच थांबल्या तरी निऱ्या हलतातच आणि पाय ओढून घेतला तर तोल जाण्याची भीती असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली आहे. दुपारी मुलगा शाळेतून आल्यावर तिची झोप मोडली, तर त्या संध्याकाळी ती हमखास बेभान होते. या वयाची पिल्ले दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, तेव्हा हा थकव्याचाच प्रकार असावा असे मला वाटते. कालपासून दुपारी तिला मागच्या खोलीत अंधार करून निजवते आणि दिवेलागणीच्या आधी ओल्या फडक्याला पीळ देऊन, फ्रीजरमध्ये गोठवून चघळायला देते.

ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आणि पिल्लू एकत्र आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. देवघराच्या वाटेवर लहान जाळीचे दार बसवावे, की त्या वेळी तिला हलक्या पट्ट्याने माझ्याजवळ बांधून ठेवावे? सासूबाईंनी बसल्या जागेवरून, स्वतःच्या हाताने खाऊ देऊन तिला 'बस' शिकवले, तर चालताना ती त्यांच्या पायांना सोडेल का, आणि हे शिकवायला सुरुवात आत्ताच करावी की त्यांची जखम भरून आल्यावर?