श्रेय चॉकलेटचं की वेळेचं?
मूड गेला की चॉकलेट खा, लगेच बरं वाटतं असं बरेच जण म्हणतात. वाटतं हो, पण ते चॉकलेटमुळेच का? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ट्रेसी मान आणि मंडळींनी हेच तपासलेलं, २०१४ साली छापून आलं, लोकांना आधी रडके सीन दाखवून त्यांचा मूड घालवला आणि मग काहींना त्यांचा लाडका पदार्थ दिला, काहींना दुसरंच काही खायला आणि काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचाच मूड साधारण सारखाच सुधारला, काही न खाल्लेल्यांचासुद्धा! म्हणजे काम करतो वेळ आणि भाव खातं चॉकलेट.

माझं म्हणाल तर ऑफिसात बोलणी खाऊन आले की मी कुकर लावते, मऊ वरणभात, वर तूप, लिंबू, कडेला लोणच्याचा नुसता खार. पण खरं सांगू का, तांदूळ धूत, शिट्ट्या मोजत ओट्याशी उभं राहण्यातच निम्मा राग उतरलेला असतो. वेफर्सचं पाकीट मात्र फोन बघता बघता कधी संपतं कळत नाही, मूड तिथल्या तिथेच आणि वर अ‍ॅसिडिटी फुकट. म्हणून सध्या घरात वेफर्स बंद, वरणभात चालू.