काट्याच्या फाइलीत १८४० च्या जागी १२२९५ काऊन दिसते?

काटेवाला:
राळेगाव तालुक्यात एका जिनिंगवर काट्यावर बसतो. परवा लाइट गेली-आली अन् काट्याचा प्रोग्राम उघडेनासा झाला. डेटाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मोबाइलच्या हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीतले आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत दाखवणारं ॲप) पायली. एका ट्रॉलीची पावती माह्यापाशी हाय, निव्वळ कापूस १८४० किलो. कॅल्क्युलेटरवर त्याचं हेक्स ०७३० येते. फाइलीत ०७ ३० कुठंच नाई. गाडीच्या नंबरापुढं ३० ०७ ०० ०० असं हाय. ३००७ म्हणजे तर १२२९५ किलो! एवढा कापूस ट्रॉलीत मावते काय? फाइल खराब झाली का मलेच वाचता येत नाई?

निवृत्त मास्तर:
फाइल धडधाकट आहे, भाऊ. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, पण म्हणताना पंचवीस म्हणतो. पाच आधी, वीस मागून. दोन हेक्स अंकांचा एक बाइट. इंटेलचा प्रोसेसर आपण बोलतो तसा लिहितो, हलका म्हणजे कमी किमतीचा बाइट आधी. मागून वाचा: ०० ०० ०७ ३०. सात गुणिले २५६ म्हणजे १७९२, त्यात हेक्स ३० चे ४८ मिळवा. झाले १८४०.
पोरं एक चूक हमखास करतात, आख्खी ओळच उलटी करून ७००३ वाचतात. ३० चे ०३ होत नाही. रांग बाइटांची उलटते, बाइटच्या आतले अंक जागचे हलत नाहीत.
याला लिटल एंडियन म्हणतात. गलिव्हरच्या गोष्टीत अंडं कुठल्या टोकानं फोडायचं यावरून भांडण होतं, त्यावरून डॅनी कोहेन यांनी १९८० साली हा शब्द संगणकात आणला.

काटेवाला:
मास्तर, मग गाडीचा नंबर सरळ काऊन? ३२ हा '२' या अक्षराचा कोड, ३९ हा '९' चा, म्हणजे २९, आपला यवतमाळचाच. अन् पुतण्याच्या लॅपटॉपवर लिनक्स हाय, तिथं हेक्सडंप नावाच्या कमांडीनं तेच ३९३२ दाखवलं, वजन मात्र ०७३० बरोबर! डोकं आउट झालं.

अचलपूरवाला:
नुसतं हेक्सडंप दोन-दोन बाइटांची जोडी करून मशीनच्या क्रमानं आकडा छापते. म्हणून वजन सुधारल्यासारखं दिसलं अन् नंबर बिघडला. फाइलीत काहीच हललं नाही. कमांडीपुढं वजाचं चिन्ह अन् कॅपिटल सी लावा, बाइट जसेच्या तसे दिसतील. नंबरातल्या एकेका अक्षराला एकच बाइट, तिथं उलटणार काय?
सगळ्या फायली अशा नसतात हं. बीएमपी चित्राची रुंदी अशीच हलक्या बाइटापासून, पीएनजीची जड बाइटापासून. एका पावतीवर भरवसा ठेवू नका, दुसरीवर ताळा करा.

काटेवाला:
केला. फाइलीत ९५ ०८, म्हणजे ०८९५, म्हणजे २१९७. पावतीवर तेवढेच. आता बाकीचे वजनं वहीत उतरवून घेतो, सकाळी गाड्याईची लाइन लागायच्या आत.