शाळेच्या खेळांच्या यादीत चीअरलीडिंग घ्यावं का? (वडोदरा)

मांजलपूर_पालक:
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक समितीकडे अर्ज आलाय. आठवी ते दहावीच्या 18 मुलींचा चीअरलीडिंगचा (एकमेकींना उचलून, मनोरे रचून करायच्या कसरतींचा) गट खेळ म्हणून धरा, म्हणजे त्यांना खेळाचा तास आणि प्रशिक्षक मिळेल. काहींचं म्हणणं, हा नाच आहे, स्नेहसंमेलनात ठेवा. बाकीचे म्हणतात, मल्लखांब खेळ आहे तर हाही खेळच. सराव कोटा फरशीच्या हॉलमध्ये चालतो. ठरवायचं कशावरून?

दांडियाबाजार:
हा गट नेमका कशासाठी उभा राहतो, ते आधी विचारा. आयपीएलच्या सीमारेषेपाशी नाचणाऱ्या गटाला कुणी गुण देत नाही, त्याची हार-जीत नसते. तो खेळ नाही. स्पर्धेतल्या गटाचं तसं नसतं. 54 बाय 42 फुटांची मॅट, जेमतेम अडीच मिनिटं आणि 100 गुण. आंतरराष्ट्रीय गुणपत्रिकेत जोडीचे आणि गटाचे स्टंट 25, मनोरे 25, वर फेकून झेलणं 15, कोलांट्या 10. म्हणजे 75 गुण उचलणं, फेकणं, झेलणं आणि उलटणं यांचेच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2016 मध्ये तात्पुरती आणि 2021 मध्ये पूर्ण मान्यता दिली. ऑलिंपिकच्या कार्यक्रमात मात्र तो अजून नाही, हे समितीला स्पष्ट सांगा.

निजामपुरा_पीटी:
घाम गाळावा लागतो म्हणून खेळ, हे मला पटत नाही. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळणाऱ्यालाही दम लागतो. 2010 मध्ये अमेरिकेच्या एका न्यायालयाने क्विनिपियाक विद्यापीठाचा चीअर संघ खेळात धरायला नकार दिला. मेहनत कमी पडली असं काही कारण नव्हतं. नियम एकसारखे नव्हते आणि प्रतिस्पर्धीही कोणीही चालत होते, हे कारण होतं. मल्लखांबाला ठरलेले संच आहेत, पंच आहेत, 2022 च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तो होता. वर्षाला दोन-तीन तरी ठरलेल्या स्पर्धा आणि लेखी नियम असतील, तर या मुलींना खुशाल खेळात घ्या. नाहीतर तो कलेचा तास.

दांडियाबाजार:
@निजामपुरा_पीटी दादा, मुद्दा बरोबर आहे. पण कलेचा तास म्हटलं की मॅट येत नाही, प्रशिक्षकही येत नाही, आणि उचलाउचली थांबत नाही ती नाहीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये खेळाचा दर्जा मागितला तो याच कारणासाठी.

एकच साधी उचल बघा. दोघी बेस, म्हणजे खालून उचलणाऱ्या, समोरासमोर, पाय खांद्याइतके फाकवून. एक हात वरच्या मुलीच्या टाचेखाली, दुसरा चवड्याखाली. तिसरी मागे, हात घोट्यांवर. गुडघे वाकवून एकाच मोजणीला पायांच्या जोरावर उठायचं आणि तळवे खांद्याच्या उंचीवर आणायचे. कमरेतून उचललं की पाठ जाते. वरची घाबरून खाली पाहते आणि कंबर मागे टाकते, की सगळा भार मागचीवर. दोघी बेस एकमेकींपासून सरकल्या, की वरचीचे पाय फाकतात आणि ती मधूनच खाली येते. उतरवताना झेल छातीच्या उंचीवर हवा. हात खाली ठेवून वाट पाहिली, की ती कुशीत न येता कमरेवर आदळते, आणि मागचीने काखेत हात घातले नसतील तर डोकंही आपटतं. मल्लखांबाखाली मॅट घालतात ती काय शोभेसाठी?

म्हणून कोटा फरशीवर एकही उचल नको. किमान 35 मिलिमीटर फोमच्या पट्ट्या, आणि त्या पावसाळ्यात भिंतीला टेकवून न ठेवता उन्हात वाळवायच्या, नाहीतर ओलीने वरचा थर सुटून पाय सरकतात. मॅट येईपर्यंत मैदानातल्या गवतावर. मनोरा दोन माणसांच्या उंचीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही.

मांजलपूर_पालक:
फेकून झेलायचं पहिल्या वर्षी शिकवावं का?

निजामपुरा_पीटी:
नाही. आधी जमिनीवरची उडी आणि झेल. मग साधी उचल, आणि ती पुन्हा पुन्हा न डगमगता उतरली पाहिजे. त्यानंतर ठरवा. आणि अर्जाला प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र, प्रथमोपचाराची सोय आणि वर्षातल्या स्पर्धांच्या तारखा जोडायला सांगा. या तीन गोष्टी आल्या तर माझंही मत खेळाच्या बाजूने धरा.