दोघांचे एक स्वयंपाकघर: आधी काम ठरवावे की आवड?

शिवडीकर

मुंबईतल्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणारी कुटुंबे असोत किंवा गिरगाव-परळच्या पुनर्विकसित इमारतींत परतणारी, स्वयंपाकघर आपल्या मनाप्रमाणे बांधून घेण्याची संधी त्यांतल्या अनेकांना पहिल्यांदाच मिळत आहे. आजवर मोरीला लागून ओटा, त्याखाली कडाप्प्याचे कप्पे आणि भिंतीला टांगलेली स्टीलची मांडणी यांपलीकडे निवडीला वावच नव्हता, त्यामुळे नवऱ्याची आवड एक आणि बायकोची दुसरी, असा प्रश्न उद्भवत नसे. आता तो उद्भवतो, आणि तो सोडवण्याची जी रीत रूढ होत चालली आहे, तिच्याविषयी मला आक्षेप नोंदवायचा आहे.

ही रीत म्हणजे निम्मे तुझे, निम्मे माझे. आमच्याच घराचे उदाहरण देतो. पत्नीला सागवानी लाकूड, पितळेची भांडी, उघड्या फळ्यांवर बरण्या आणि समोर ताटाळे हवे आहे. मला पांढरी, मुठी नसलेली आणि मिक्सरपासून मिसळणाच्या डब्यापर्यंत सारे काही पोटात घेणारी कपाटे हवी आहेत. इंटिरिअर डिझायनरने यावर तोडगा म्हणून खालची कपाटे सागवानी रंगाची, वरची पांढरी आणि कोपऱ्यात पितळेच्या चार भांड्यांसाठी एक शोभेची फळी, असे चित्र दाखवले. चित्र देखणे आहे यात शंका नाही. पण त्यात पत्नीला रोज लागणारी भांडी तिच्या हाताशी नाहीत, मला नको असलेला पसारा नजरेआड नाही, आणि दोघांच्याही वाट्याला आपापल्या आवडीचा फक्त रंग आला आहे.

माझे म्हणणे असे की, कामाच्या गोष्टी आधी ठरवाव्यात आणि आवडींची वाटणी उरलेल्या जागेत करावी. ओट्याची उंचीच घ्या. कोपर दुमडून उभे राहिल्यावर कोपरापासून चार ते सहा इंच खाली चिरण्याची पातळी असावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. पत्नीची उंची पाच फूट एक इंच असल्याने तिला ३२ ते ३४ इंचांचा ओटा योग्य ठरतो. मी पाच फूट दहा इंच असल्याने त्याच ओट्यावर कांदा चिरताना माझी कंबर धरते. त्यात ओट्यावर ठेवायची शेगडी आणखी चार-पाच इंच वर जाते, तिच्यावर उंच पातेले चढते, आणि आमटी ढवळताना पत्नीला खांदा उचलावा लागतो. ओट्याच्या दगडात बसवलेला हॉब तेवढी उंची वाचवतो. म्हणजे तो जुन्या वळणाचा की नव्या, हा वादच गैरलागू आहे. तो तिच्या खांद्यासाठी हवा आहे. दगडाचेही तेच. संगमरवरावर कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस सांडला की आम्लाने तो जागच्या जागी कोरला जातो. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये राळ असते, त्यामुळे गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली की डाग पडण्याची भीती राहते. ग्रॅनाइट दोन्ही सोसतो. तेव्हा दगड कोकमाने आणि कढईने ठरवावा, त्याचा रंग मात्र दोघांनी मिळून खुशाल निवडावा.

जास्वंद

आपली मांडणी वाचताना पटते, पण तिच्यात एक गोम आहे. बंद कपाटे ही आपल्या लेखी सोय आहे आणि उघड्या फळ्या ही पत्नीची आवड. असे का? मोहरी तडतडू लागली की हिंग आणि हळद पडायला दोन-तीन क्षणच हाती असतात. त्या वेळी एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात डाव असलेल्या बाईने कपाट कोणत्या हाताने उघडावे? काचेच्या बरणीत दाण्याचे कूट तळाला गेलेले दिसते, म्हणून ते वेळेवर भाजून-कुटून ठेवले जाते; कपाटातल्या डब्यात ते संपले आहे हे साबुदाणा भिजल्यावर कळते. त्यामुळे उघडी फळी हे कामच आहे, आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघर नीटनेटके दिसावे ही आवड आहे. ‘काम आधी’ हे तत्त्व मला मान्य आहे, पण काम कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार रोज ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचा असला पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. केवळ कामाचा विचार करून बांधलेल्या स्वयंपाकघराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये तयार झाला. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी गृहिणीच्या हालचालींचा आणि त्यांना लागणाऱ्या वेळेचा अभ्यास करून, रेल्वेच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून, सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशी खोली आखली, आणि त्या शहराच्या नव्या वसाहतींत तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो, त्याची ती आजी होय. हेतू बाईचे कष्ट कमी करण्याचा होता आणि ते झालेही, पण त्या खोलीत दुसऱ्या माणसाला उभे राहायला जागाच नव्हती, म्हणून पुढे तिच्यावर सडकून टीका झाली. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत, जेवणाची जागा वेगळी असल्यास, स्वयंपाकघराची किमान रुंदी १.८ मीटर धरली आहे, आणि मुंबईत किमान म्हणजे काय ते सांगायला नको.

आता हिशेब करा. सात फूट रुंदीच्या खोलीत समोरासमोर दोन-दोन फुटांचे ओटे घातले की मध्ये तीन फूट उरतात. दोघांना एकमेकांना धक्का न लावता काम करायचे असेल तर चार फूट लागतात. आपण दोन शैलींची चर्चा करीत आहात, पण त्या खोलीत दोघे एकाच वेळी उभे राहणार आहात का, हे आपल्या लेखात कुठेही आलेले नाही.

रंधा

या शहरात फर्निचरची कामे करून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे कोरडे बोलतो. काम आणि आवड यांच्या आधी येथे पाऊस ठरवतो. चार महिने हवेत इतका दमटपणा असतो की सिंकखालच्या कपाटात एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेली फळी, वापरला, तर त्याच्या कडा फुगून शटर लागेनासे होते. तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचे सागरी प्लायवूडच हवे, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लावून ती बंद केली पाहिजे. नुसता दर्शनी भाग चकचकीत करून उपयोग नाही. भरीव सागवानाची दारे दमट हवेत फुगतात आणि हिवाळ्यात आकसतात, त्यामुळे ओट्याखाली ती घालू नयेत; वहिनींना सागवानच हवे असेल तर ते पाण्यापासून आणि वाफेपासून दूर, धान्याच्या उंच कपाटाला द्यावे.

शिवडीकरांनाही सांगतो. मुठी नसलेल्या कपाटांना बोटे घालण्यासाठी जी खाच असते, तिच्यात कणीक भरते. कणकेच्या हाताने ट्रॉली ओढणार नाही असे घर मी अजून पाहिलेले नाही. ती खाच रोज ओल्या फडक्याने पुसावी लागते, नाहीतर झुरळांची सोय होते. साधी स्टीलची मूठ लावा, ती मनगटानेही ओढता येते.

जास्वंदताईंच्या उघड्या फळ्यांबद्दलही तक्रार आहे. फोडणीची वाफ आणि शेजारच्या बांधकामाची धूळ यांचा मिळून जो चिकट थर बरण्यांवर बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. पितळ तर समुद्राच्या हवेत पाहता पाहता काळवंडते. तांबाकाट्यावरून हौसेने आणलेले डबे वर्षभरात माळ्यावर गेलेले मी पाहिले आहेत. फळी ठेवा, पण ती शेगडीपासून दूर आणि रोजच्या वापराच्या वस्तूंपुरती असावी, कारण रोज हात लागणारी वस्तूच स्वच्छ राहते.

माझ्या मते यावर मुंबईचाच जुना उपाय चांगला आहे. ओट्याखाली कडाप्प्याच्या उभ्या-आडव्या फरशांचे कप्पे बांधून घ्यावेत, त्यांना वाळवी लागत नाही आणि ते पाण्याने फुगत नाहीत. त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवाव्यात आणि बाहेरून फक्त शटर लावावीत. पुढे कोणाची आवड बदलली तर शटर बदलता येतात, सांगाडा तसाच राहतो. कारखान्यातून तयार कपाटे विकणारे हे सुचवणार नाहीत, कारण त्यांचा विकण्याचा माल सांगाडाच असतो.

दादर टीटी

मला ही सगळी चर्चाच अनाठायी वाटते. स्वयंपाकघर एकाच्याच मताने व्हावे. जो बहुतेक स्वयंपाक करतो त्याने सारे ठरवावे आणि दुसऱ्याने दिवाणखान्याचा रंग निवडून समाधान मानावे. दोघांच्या पसंतीने केलेली स्वयंपाकघरे प्रदर्शनातल्या गाळ्यांप्रमाणे दिसतात: एक भिंत कोकणातली, एक भिंत मिलानमधली, आणि मधल्या फरशीवर दोघांचीही नाराजी.

जास्वंद

दादर टीटी, आपला नियम सोपा आहे, पण त्याचा परिणाम उघड आहे. आज जी स्वयंपाक करते तिच्या मापाने आणि मताने सारे बांधले, की दुसऱ्याला तिथे कायमचा पाहुणा होण्याची मुभा मिळते. ३२ इंचांच्या ओट्यावर वाकून भाजी चिरायला उंच नवरा कंटाळला, तर त्याला कोणी दोष देणार नाही, आणि मग आयुष्यभर ‘तिलाच सवय आहे’ हे कारण पुरते. मी रोज उभी राहणाऱ्या व्यक्तीचा अधिकार मांडला तो कामाच्या व्याख्येपुरता. दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे.

खाडीकाठ

आमच्याकडे वादाचे मूळ रंगात नव्हते, ताटात होते. मी मासे खाणाऱ्या घरातली आणि यजमान शाकाहारी. त्यांना मधली भिंत काढून दिवाणखान्याला जोडलेले मोकळे स्वयंपाकघर हवे होते, आणि मला बोंबील तळताना पडद्यांची काळजी करायची नव्हती. अशा वेळी चिमणीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: तिची नळी इमारतीबाहेर जाते की नाही. नळीविना चालणारी चिमणी कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून ती घरातच सोडते. वास काहीसा कमी होतो, पण वाफ आणि उष्णता तिथेच राहते. आम्ही भिंतीच्या जागी काचेची सरकती दारे केली. एरवी घर मोकळे दिसते आणि तळण असले की दारे बंद होतात. सिंकही दोन घेतले, त्यांतला छोटा खिडकीजवळ, मासे साफ करण्यापुरता. हा सल्ला कोणत्याही डिझायनरने दिला नव्हता. तो सासूबाईंचा होता, आणि त्या स्वतः मासे खात नाहीत.

भिंत काढणाऱ्यांनी तीत खांब किंवा तुळई नाही याची संरचना अभियंत्याकडून खात्री करावी आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी. नळाच्या गॅसची वाहिनीही विसरू नये. ती भिंतीत पुरू नये, आणि हवा न खेळणाऱ्या कपाटात कोंडणे धोक्याचे असते. नळाचा वायू हवेपेक्षा हलका असल्याने तो गळल्यास वर साचतो, म्हणून झरोका उंचावर हवा. सिलिंडरचा वायू जड असल्याने त्यासाठी खाली जाळी लागते. ‘सगळे बंद हवे’ म्हणणाऱ्यांच्या आणि ‘नळी दिसता कामा नये’ म्हणणाऱ्यांच्या कपाटांत नेमकी हीच छिद्रे गाळली जातात.

शिवडीकर

जास्वंद यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. हो, दोघे उभे राहणार आहोत. सकाळी डबे मी भरतो आणि रविवारची भाजी माझ्याकडे असते. खोली पावणेसात फूट रुंद आहे, त्यामुळे समोरासमोर ओटे न घालता इंग्रजी एल आकाराचा ओटा करावा, असे ही चर्चा वाचल्यावर आमच्या दोघांच्याही मनात आहे. त्यातली लांब बाजू, म्हणजे शेगडी आणि सिंक, ३३ इंचांवर राहील आणि आखूड बाजू ३८ इंचांवर, चिरण्यासाठी. कणीक मळण्याला आणि पोळ्या लाटण्याला जोर वरून लागतो, म्हणून ते काम खालच्या बाजूलाच होईल.

तरीही उघड्या फळ्यांबाबत माझा विरोध कायम आहे. हिंग-हळदीसाठी मिसळणाचा डबा शेगडीशेजारच्या उथळ ट्रॉलीत ठेवला आणि फोडणीआधी ती ओढून ठेवली, तर दोन्ही हात अडकण्याचा प्रश्न येत नाही. कूट संपल्याचे दिसावे म्हणून साऱ्या घराने बरण्यांकडे पाहत बसावे, हे मला पटलेले नाही. काचेची शटर लावून पाहू, असे पत्नी म्हणते. काचेवर बोटांचे ठसे उठतात, असे माझे उत्तर आहे.

रंधा

दोन उंच्यांच्या ओट्याला माझी हरकत नाही. फक्त पाच इंचांची ती पायरी सिंकला खेटून घेऊ नका, कोपऱ्यातल्या सांध्यात पाणी मुरत राहते. आणि काचेची शटर घ्यायचीच असतील तर खरबरीत, अर्धपारदर्शक काच घ्या. तिच्यावर ठसे कमी दिसतात आणि आतली बरणी भरलेली की रिकामी एवढे कळते.

जास्वंद

ट्रॉली आधी ओढून ठेवली की दोघांच्या मधली वाट तिने अडवली, हे शिवडीकरांच्या लक्षात आलेले दिसत नाही. दगड बसवण्यापूर्वी एक करा. विटांच्या थरावर प्लायवूडची फळी ३३ इंचांवर आणि दुसरी ३८ इंचांवर टेकवा, ट्रॉलीच्या जागी पुठ्ठ्याचे खोके ओढून ठेवा, आणि एका रविवारी दोघांनी मिळून त्या फळ्यांवर खरोखर चिरणे, मळणे, लाटणे करून पाहा. फोडणीची पाळी मात्र आपण घ्या आणि खोके कोणाच्या पोटरीला लागते ते येथे कळवा.